ठिपक्यांत हरवलेला ‘पण’

बँकेत कर्जप्रस्तावावर टिपण लिहायला बसलो की माझे एक वरिष्ठ सांगत, ‘‘आकडे कुणीही मांडेल, ‘पण’ कुठे येतो ते दाखवा.’’ पुढे पडद्यावर ठिपके मारलेल्या ओळी आल्या आणि नेमका तो ‘पण’च गळाला.

रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी घडवलेले ‘पॉवरपॉइंट’ १९८७ साली मॅकिंटॉशसाठी बाजारात आले. पहिली आवृत्ती कृष्णधवल, ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका तयार करण्यासाठी. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. सोय खरीच होती. हाताने पारदर्शिका रंगवण्याचे कष्ट वाचले, क्रम हवा तसा बदलता येऊ लागला.

मात्र जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी ‘कोलंबिया’ यानाच्या पंखावर इंधनटाकीवरील फेसाचा तुकडा आदळला. धोका किती, हे अभियंत्यांनी ‘नासा’ला स्लाइडवर दाखवले. मथळा दिलासा देणारा. अगदी तळाशी मात्र लिहिले होते : चाचणीतला तुकडा ३ घनइंच, हा १,९२०. म्हणजे ६४० पट! १ फेब्रुवारीला परततानाच यान फुटले. कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने आघाताला कारण ठरवलेच, शिवाय सविस्तर तांत्रिक टिपणाऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या सवयीवरही बोट ठेवले.

दोष यंत्राचा कसा म्हणावा? वाक्य पुरे करण्याचा कंटाळा आपलाच. शाळेच्या प्रकल्पाच्या स्लाइड नातू दाखवतो, तेव्हा मी एवढेच विचारतो, ‘‘बाळा, या दोन ओळींच्या मध्ये ‘म्हणून’ आहे की ‘पण’?’’