पिसाऱ्याची पिल्ले

कृषिखात्याची पत्रके वाचण्याचा प्रसंग शेतकऱ्याखेरीज इतरांवर क्वचितच येतो; आणि ज्यांच्यावर येतो ते ती कामापुरती वाचून बाजूला ठेवतात. परंतु त्या रूक्ष मजकुरात एक शब्द असा आढळतो की, त्यापाशी वाचकाने क्षणभर थांबावे. ‘पिल्ले व प्रौढ पानांतील रस शोषून घेतात,’ असे वाक्य मावा, तुडतुडे यांच्याविषयी लिहिताना हटकून येते. फुलपाखराच्या लेकराला आपली भाषा अळी म्हणते. माशीच्या लेकरालाही अळीच म्हणते. तुडतुड्याच्या लेकराला मात्र ती चिमणीच्या आणि मांजराच्या लेकराचा शब्द बहाल करते: पिल्लू! इंग्रजीत या अवस्थेला ‘निम्फ’ म्हणतात. कोशात पाहू जावे तर त्या शब्दाचे अर्थ निघतात जलदेवता, वनकन्या आणि मूळ ग्रीकात नववधू. भाषांतराचे काम करणाऱ्यापुढे हा मोठाच पेच होय. पण मला विचाराल तर ती पत्रके लिहिणाऱ्या अनामिकांनी निवडलेला शब्द ग्रीकांच्या वनकन्येहून उजवा आहे.

तो शास्त्रालाही धरून आहे. अळी आणि फुलपाखरू यांच्यामध्ये कोषाची अवस्था असते. कोषात शिरलेला जीव आणि कोषातून निघालेला जीव यांत ओळख पटावी असे फारसे काही उरत नाही. तुडतुड्याच्या कुळात कोष नाही. अंड्यातून बाहेर येणारे पिल्लू आईबापांचीच लहान, बिनपंखांची आवृत्ती असते. ते बहुधा पाच वेळा कात टाकते, दर वेळी थोडे मोठे होते, पाठीवर पंखांचे अंकुर दिसू लागतात, आणि शेवटची कात टाकली की उडू लागते. मौज अशी की, या कुळात कित्येकदा मोठ्यांपेक्षा लहानांचाच थाट अधिक असतो.

हा थाट पाहावयाचा तर वाचकांनी उसाच्या फडाशी जावे. उत्तर प्रदेश, बिहार, पंजाब, हरयाणा, महाराष्ट्र, कुठलाही ऊसपट्टा चालेल. पान अलगद उलटे करा. मधल्या शिरेच्या आसपास फिकट रंगाचे, तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान जीव दिसतील आणि त्यांच्या मागच्या टोकाला दोन लांब, पांढरे, पिसासारखे तुरे दिसतील. जणू कुणी कापसाचे दोन धागे विंचरून शेपटीला बांधले आहेत. ही पायरिलाची पिल्ले. शेतकरी या किडीला पाकोळी म्हणतो. तिचा प्रौढ किडा गवताच्या काडीच्या रंगाचा, पंख घराच्या छपरासारखे मिटून बसणारा, आणि डोके पुढे चोचीसारखे निघालेले. दिसावयास तो यथातथाच. पिसारा काय तो लेकरांना.

हा पिसारा केसांचा नव्हे, मेणाचा. पिल्लाच्या पोटाच्या टोकाशी सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांतून मेण तंतूंच्या रूपाने बाहेर पडते. तंतू तुटले तरी पुन्हा वाढतात. इतक्या लहान जिवाने एवढे ओझे का वाहावे? एक कारण सरळ आहे. मागून झडप घालणाऱ्या शत्रूच्या तोंडी पिल्लाऐवजी मेणाचे तंतू यावेत आणि पिल्लाने निसटावे. पालीची तुटकी शेपटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही युक्ती अपरिचित वाटणार नाही. दुसरे कारण घरगुती आहे. ही पिल्ले दिवसभर वनस्पतीचा गोड रस पितात व त्यातील जादा साखरपाणी शरीराबाहेर टाकतात. त्या चिकट थेंबांत आपले आपणच बरबटून जाऊ नये, म्हणून मेणाचे आवरण उपयोगी पडते. मेणाला पाणी चिकटत नाही, हे आपण स्वयंपाकघरात पाहतोच.

पानावर बोट टेकवा, की पिल्लू नाहीसे होते. ते उडी मारते, पण आपल्या डोळ्याला ती दिसत नाही. ‘तुडतुडीत’ या मराठी विशेषणाचा खरा अर्थ येथे कळतो. या उडीचे रहस्य इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातील माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन या दोघांनी २०१३ साली प्रसिद्ध केले. त्यांनी निवडलेला जीव म्हणजे युरोपच्या बागांत आयव्हीच्या वेलीवर राहणारा इस्सस नावाचा तुडतुडा, तोही पिल्लाच्या अवस्थेतला. त्याच्या मागच्या दोन पायांच्या मुळाशी, जेथे ते एकमेकांसमोर येतात, तेथे दातेरी चाकाचे तुकडे आहेत. प्रत्येकावर १० ते १२ दाते. उडी मारण्यापूर्वी हे दाते एकमेकांत अडकतात, घड्याळातील चाकांसारखे, आणि दोन्ही पाय एकाच क्षणी सुटतात. दोहोंच्या सुटण्यात फरक पडला तर तो एका सेकंदाच्या १० लाखांश भागांपैकी सुमारे ३० भागांचा. मज्जातंतूतून जाणारा संदेशसुद्धा इतका वक्तशीर नसतो. एक पाय किंचित जरी मागे राहिला तर पिल्लू हवेत भिरभिरत भलतीकडे जाईल. म्हणून जेथे मेंदूचा वेग अपुरा पडतो तेथे दात्यांनी काम भागविले आहे. दातेरी चाक ही मनुष्याची कल्पना, असे आपण समजून चाललो होतो.

आणखी एक नवल आहे. प्रौढ इस्ससाला ही चाके नसतात. शेवटच्या कातेबरोबर ती गळून जातात आणि प्रौढ त्यांच्यावाचूनच उत्तम उड्या मारतो. शास्त्रज्ञांचा तर्क असा की, पिल्लाचा एखादा दाता मोडला तर पुढच्या कातेला नवा मिळतो; प्रौढाला पुढची कातच नसते, मग मोडके चाक जन्मभर वागविण्यापेक्षा चाकच नको. तर्क पटण्यासारखा आहे.

मघाशी साखरपाण्याचा उल्लेख आला. मादागास्कर बेटाच्या कोरड्या पानझडी रानांत तुडतुड्यांचीच एक जात आढळते. तिचे प्रौढ गुलाबी पंखांचे असून ओळीने फांदीवर बसले म्हणजे फुलांचा घोस वाटावा. पिल्ले तर पांढऱ्या पिसांची नुसती झुबके! त्या बेटावर लेमूर नावाचे माकडांचे दूरचे आप्त राहतात. पैकी कोकेरेलचा लेमूर हा निशाचर. कोरड्या ऋतूत, जेव्हा फळे दुर्मिळ होतात, तेव्हा तो या पिल्लांनी टाकलेला गोडवा फांद्यांवरून चाटून आपले पोषण करतो. किड्याच्या बाळाने टाकून दिलेल्यावर एका सस्तन प्राण्याने कोरडा ऋतू काढावा, हे ऐकून कुणास किळस येईल. पण मध हाही मधमाशीच्या पोटातून परत आलेलाच असतो, हे विसरून कसे चालेल?

उसाच्या फडात मात्र हाच गोडवा गोड राहत नाही. तो पानांवर सांडतो, त्यावर काळी बुरशी धरते, पान काजळी फासल्यासारखे दिसू लागते आणि त्याचे अन्न तयार करण्याचे काम मंदावते. एकीकडे रस शोषला जात असतो, दुसरीकडे पान झाकले जात असते. किडीचा जोर वाढला तर रसातील साखर घटते आणि गूळही नीट बनत नाही. ज्याचे वर्षभराचे उत्पन्न त्या फडात उभे आहे, त्याला पिसाऱ्याचे कौतुक ऐकविणे म्हणजे जखमेवर मीठ, हे मी जाणतो. असे असूनही तो पिसारा त्यानेच सर्वांत बारकाईने पाहावा, असे मला वाटते, आणि त्याचे कारण कौतुक नव्हे.

कारण पानावरील प्रत्येक पांढरी गोष्ट पाकोळीची नसते. एपिरिकेनिया नावाचा एक लहानसा काळपट पतंग आहे. त्याची मादी उसाच्या पानावर शेकडो अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी पायरिलाच्या पिल्लाच्या किंवा प्रौढाच्या अंगावर चढते, तेथेच चिकटून त्याचे शरीरद्रव्य पिते, आणि वाढता वाढता स्वतःही पांढऱ्या मेणाने माखते. यजमान मरणाच्या दाराशी पोचला की ती खाली उतरते व पानावरच पांढरा कोष विणते. पायरिलाची मादीही आपली अंडी पांढऱ्या मेणाच्या तंतूंनी झाकते. म्हणजे शत्रूही पांढरा, मित्रही पांढरा! दुरून पाहणाऱ्याला फड ‘पांढरा पडलेला’ दिसतो आणि तो फवारणीचा पंप पाठीला लावतो. ज्याने पान उलटून पाहिले त्याला कळते की, काम आधीच सुरू झालेले आहे. या पतंगाचे कोष किंवा अंडीपुंज असलेले पानांचे तुकडे कापून, जेथे तो नाही अशा फडात पानांना टोचून ठेवण्याची पद्धत आपल्या देशात रुळलेली आहे. हेक्टरी ४ ते ५ हजार कोष किंवा ४ ते ५ लाख अंडी असे तिचे प्रमाण सांगितले जाते. बाजारातून आणावयाचे त्यात काही नाही. लागते ती एक कात्री आणि ओळखणारी नजर.

नजर नसल्याची किंमत भातशेतीने मोजली आहे. भातावरील तपकिरी तुडतुडे बुंध्याशी बसून रस शोषतात आणि हिरव्या शेतात मधूनमधून जळाल्यासारखी वर्तुळे पडतात. केरळात १९७३-७४ साली या किडीने मोठा कहर केला. इंडोनेशियात तर जो जो फवारणी वाढली तो तो तुडतुडेही वाढले. कारण त्यांना खाणारे कोळी आणि त्यांची अंडी शोषणारे ढेकूणजातीचे लहान किडे आधी मेले. भातखाचरातील कोळ्याचे जाळे हे फुकटचे औषध होते, हे जाळे गेल्यावर कळले. अखेर १९८६ साली त्या देशाच्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी केली आणि शेतकऱ्यांना शेतात उतरून मित्रकिडे व शत्रुकिडे ओळखावयास शिकविण्याचा मार्ग धरला.

न पाहता लिहिण्याचा मोह विद्वानांनाही होतो म्हणा. मारिया सिबिला मेरियान या थोर चित्रकर्तीने सुरिनामला जाऊन तेथील कीटकांवर १७०५ साली एक अप्रतिम ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात तुडतुड्यांचाच एक भुईमुगाच्या शेंगेसारख्या डोक्याचा मोठा भाऊबंद आहे. त्याचे डोके रात्री कंदिलासारखे उजळते, असे तिने लिहिले. चित्रे इतकी अचूक की, मजकुरावर कुणी शंका घेईना. लिनियसने त्याला नावही दिव्याचेच दिले. ते डोके पोकळ आहे आणि त्यात प्रकाश मुळीच नाही, हे पुढे ठरले. नाव मात्र आजतागायत चिकटून राहिले आहे. या गोतातले लांब नाकाचे किडे आपल्या पश्चिम घाटातही आहेत. तेही अंधारात अंधारच असतात.

घरातील मुलांना हे सारे दाखवावयाचे तर दहापट मोठे दाखविणारे एक साधे भिंग पुरे. ऊस जवळ नसेल तर बाभळीची फांदी पाहा. काट्यांमध्ये एखादा काटा चालू लागला तर तो शिंगाडा तुडतुडा. त्याच्याभोवती मुंग्यांची वर्दळ असेल, कारण तोही गोडवा वाटतो आणि मुंग्या त्याची राखण करतात. पावसाळ्यात गवताच्या काडीवर कुणी थुंकल्यासारखा फेस दिसला तर नाक मुरडू नका. काडीने तो हळूच बाजूला सारा. आत ओलसर, गुबगुबीत, फिकट हिरवे किंवा पिवळसर पिल्लू उन्हाने गांगरलेले दिसेल. सावली करून थोडा वेळ थांबलात, तर ते सोंड पुन्हा काडीत रोवील आणि पोटाचे टोक वरखाली हलवीत, एकेक बुडबुडा काढून, आपले घर नव्याने बांधावयास लागेल.