बाबांच्या पोटात कॅल्क्युलस!

मंगळवार, रात्रीचे साडेनऊ. बाबा कंबरेतून पोटात येणाऱ्या कळांनी हैराण आणि माझ्या हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट. 'राइट रीनल कॅल्क्युलस, माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस.' डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची. आईचा चेहरा पांढराफटक. "तू एवढं इंग्रजी लिहितेस ना, मग सांग काय झालंय ते!" भाऊ म्हणाला, "कॅल्क्युलसमध्ये मी इंजिनीअरिंगला दोनदा उडालोय!"

शेवटी कपाटात धूळ खात पडलेली डिक्शनरी काढली. अर्थाशेजारी शब्दाचं मूळ दिलेलं असतं, तिकडे आपण कधी बघतच नाही. लॅटिनमध्ये 'रेन' म्हणजे मूत्रपिंड, 'कॅल्क्युलस' म्हणजे छोटा खडा. रोमन लोक खडे मांडून हिशेब करायचे, म्हणून कॅल्क्युलेटरही त्याच घराण्यातला! ग्रीकमध्ये 'हायडोर' म्हणजे पाणी आणि 'नेफ्रोस' पुन्हा मूत्रपिंडच. थोडक्यात, खडा अडकलाय, लघवी तुंबून किडनी जरा फुगलीय. अहो, हा तर आपला मुतखडा! त्या रात्री आई पहिल्यांदा हसली.

सकाळी डॉक्टरांनीही तेच सांगितलं. खडा आपोआप पडला नाही तर लिथोट्रिप्सी करू, म्हणाले. या वेळी मी दचकले नाही. ग्रीक 'लिथोस' म्हणजे दगड, पुढचा भाग चुरडण्याचा. शरीराबाहेरून लहरी सोडून खडा फोडायचा. गंमत म्हणजे हा दगड तुमच्या खिशातही आहे. १८१७ मध्ये एका खनिजात नवं मूलद्रव्य सापडलं, दगडावरून त्याला लिथियम नाव मिळालं. मोबाइलची बॅटरी आठवली ना?

झटपट किट
* 'आयटिस' : दाह, सूज. टॉन्सिलायटिस.
* 'एक्टमी' : कापून काढणं. अपेंडेक्टमी.
* 'हायपर' जास्त, 'हायपो' कमी. बीपीच्या बाबतीत ही गल्लत नको!

पण जरा जपून. पेडेस्ट्रियनमधला 'पेड' लॅटिन पाय, पेडिअ‍ॅट्रिशियनमधला ग्रीक मूल. दिसायला जुळे, नात्याने परके. आणि शब्द फोडता आला म्हणजे आजार कळला, असं नाही. कळा थांबेनात किंवा ताप आला तर डिक्शनरी मिटा आणि थेट डॉक्टर गाठा.

बाबांचा खडा आठव्या दिवशी आपणहून पडला. हल्ली लाइटबिलाचा हिशेब करायला कॅल्क्युलेटर मागितला, की ते आधी कंबरेवर हात ठेवतात!