घरमालकाचे बांधकाम, ध्वनित्रास आणि भाडेकरूचे हक्क : महाराष्ट्रातील कायदेशीर तरतुदींचा परामर्श

सारांश : घरमालकाने हाती घेतलेल्या दुरुस्ती वा नूतनीकरणाच्या कामामुळे भाडेकरूला होणाऱ्या ध्वनित्रासाचा विचार भाडे नियंत्रण, मालमत्ता हस्तांतरण आणि पर्यावरण या तिन्ही कायद्यांच्या आधारे करावा लागतो. प्रस्तुत लेखात या तरतुदींचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : भाडेकरू, निर्वेध उपभोग, दुरुस्ती, ध्वनिप्रदूषण, मनाई हुकूम.

१. प्रस्तावना

वरच्या मजल्यावर सकाळपासून फरशी फोडण्याचे काम चालू असेल, तर खालच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासणे किंवा आजारी माणसाला विश्रांती मिळणे कठीण होते. अशा वेळी सामान्यतः दोन टोकाच्या प्रतिक्रिया आढळतात. ‘घर त्यांचे आहे, आपण काय बोलणार?’ ही पहिली. तर ‘काम थांबेपर्यंत भाडे देणार नाही’ ही दुसरी. कायद्याच्या दृष्टीने या दोन्ही भूमिका सदोष आहेत आणि दुसरी तर भाडेकरूलाच अडचणीत आणणारी आहे.

२. दुरुस्ती : मालकाचे कर्तव्य

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम १४ नुसार जागा सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. नोटीस मिळूनही मालकाने १५ दिवसांत आवश्यक दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती स्वतः करून घेऊ शकतो व तिचा खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा अधिक असता कामा नये. गळके छत दुरुस्त करावे, अशी मागणी करण्याचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच दिलेला असल्याने त्या कामाचा वाजवी आवाज त्याने सोसणे क्रमप्राप्त ठरते. शोभेसाठी, भाडेवाढीसाठी वा भाडेकरूने कंटाळून जागा सोडावी या हेतूने काढलेले काम मात्र या कर्तव्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून काम कोणत्या स्वरूपाचे आहे, हा पहिला प्रश्न होय.

३. निर्वेध उपभोगाचा हक्क

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८(ग) नुसार, भाडे देणाऱ्या व कराराच्या अटी पाळणाऱ्या पट्टेदाराला मुदतभर जागेचा विनाव्यत्यय उपभोग घेता येईल, अशी हमी मालकाने दिल्याचे मानले जाते. मूळ इंग्रजी विधी-परंपरेत यास ‘शांत उपभोग’ म्हणतात. येथे ‘शांत’ या शब्दाचा अर्थ नीरव असा नसून निर्वेध असा आहे. तथापि सततचा व असह्य आवाज हाही उपभोगातील अडथळा ठरू शकतो.

दुरुस्तीचे कर्तव्य आणि ही हमी यांत संघर्ष उद्भवल्यास काय करावे? इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००३ मध्ये ‘गोल्डमाईल प्रॉपर्टीज विरुद्ध लेकूरिटिस’ या खटल्यात याच प्रश्नाचा विचार केला. त्रास टाळण्यासाठी मालकाने सर्व वाजवी खबरदारी घेणे पुरेसे आहे. शक्य असलेली प्रत्येक खबरदारी घेण्याची अपेक्षा नाही, असा निर्वाळा तेथे देण्यात आला. हा निर्णय आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. परंतु त्यातील कसोटी मार्गदर्शक आहे. पूर्वसूचना दिली होती का, कामाचे तास ठरले होते का, काम विनाकारण लांबले का, या प्रश्नांच्या उत्तरांतून वाजवीपणा सिद्ध होतो.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ मधील उदाहरणांतही दुसऱ्याच्या आवाजामुळे वा कंपनांमुळे घरमालकाच्या शारीरिक स्वास्थ्यात भरीव आणि अवाजवी व्यत्यय येऊ नये, हा हक्क नमूद आहे. ‘भरीव’ आणि ‘अवाजवी’ या दोन शब्दांत उपद्रवाच्या दाव्याचे मर्म आहे.

४. ध्वनिप्रदूषण नियम

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० व ४० आहे. सकाळी ६ ते रात्री १० हा काळ दिवस मानला जातो. २०१० च्या दुरुस्तीने निवासी व शांतता क्षेत्रांत रात्री आवाज करणारी बांधकाम यंत्रे वापरण्यास मनाई केली. मर्यादा १० डेसिबल वा त्याहून अधिक ओलांडली गेल्यास, तसेच रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाल्यास नागरिकाला प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये शांततेने जगण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ शी जोडला आहे. हे संरक्षण भाडेकरू, मालक, पाहुणा अशा सर्वांनाच आहे.

५. भाडेकरू आणि परवानाधारक

बदलीच्या वा नव्या नेमणुकीच्या ठिकाणी अनेक प्राध्यापक ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहतात. अशा परवानाधारकाला जागेत हितसंबंध प्राप्त होत नाही. त्यामुळे कलम १०८ ची हमी त्यास लागू होत नाही व त्याचा मुख्य आधार करारातील अटी हाच राहतो. म्हणून कामाची पूर्वसूचना, कामाचे तास आणि काम लांबल्यास शुल्कात सूट या अटी सहीपूर्वीच करारात घालून घेणे हिताचे ठरते.

६. उपाययोजना

प्रथम तारीख, वेळ व स्वरूप यांची नोंद ठेवून मालकास लेखी कळवावे. भिंती पाडणे वा रचनात्मक बदल चालू असल्यास महानगरपालिका वा नगरपालिकेची परवानगी आहे का, याची चौकशी करावी. कामाच्या निमित्ताने पाणी वा वीज विनाकारण तोडल्यास भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ खाली न्यायालयाकडे दाद मागता येते. त्रास न थांबल्यास दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम व नुकसानभरपाई मागण्याचा मार्ग खुला आहे. न्यायालय बहुधा काम सरसकट न थांबवता त्याचे तास व पद्धत यांवर बंधन घालण्याचा विचार करते, हे लक्षात घेऊन मागणीही तशीच नेमकी असावी.

भाडे मात्र थांबवू नये. थकबाकीची लेखी नोटीस मिळाल्यानंतर ९० दिवस उलटल्यावर कलम १५ नुसार मालकास ताब्याचा दावा लावता येतो. ज्या त्रासाविरुद्ध दाद मागायची, त्याच त्रासापायी घर गमावण्याची वेळ अशाने येते. तसेच जागा रिकामी केल्याशिवाय दुरुस्ती अशक्य आहे, असे मालकाचे म्हणणे असेल, तर कलम १६ नुसार ते न्यायालयात सिद्ध करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. केवळ तोंडी सांगण्यावरून भाडेकरूने घर सोडू नये. दुरुस्तीनंतर पुन्हा प्रवेश मिळण्याची तरतूदही अधिनियमात आहे.

७. निष्कर्ष

आवाज झाला म्हणजे हक्कभंग झाला, असे नाही. आणि घर मालकाचे आहे म्हणून कोणताही आवाज क्षम्य, असेही नाही. कामाचा हेतू, वेळ, कालावधी आणि घेतलेली खबरदारी यांवर निर्णय अवलंबून असतो. भाडे नियमित भरणारा आणि नोंदी ठेवणारा भाडेकरू न्यायालयात भक्कम भूमिकेतून उभा राहू शकतो.