तळ्याकाठचे दगड आणि गावाची स्मृती

कोल्हापूरहून गगनबावड्याकडे येणारा रस्ता कळे, साळवण ही गावे मागे टाकीत सह्याद्रीच्या माथ्याशी पोहोचतो आणि तेथून करूळ व भुईबावडा या दोन घाटांनी कोकणात उतरतो. लखमापूर, कोदे, वेसरफ, अणदूर हे या तालुक्यातील जलाशय. प्रवाशाला पाणी दिसते, गगनगड दिसतो, मैलाचे दगडही दिसतात. परंतु अशा वाटांवर देवळाच्या आवारात, पारावर किंवा तळ्याच्या बांधाशी टेकवून ठेवलेली कोरीव शिळा सहसा नजरेतून सुटते. गावाचा इतिहास मात्र पुष्कळदा तिच्यावरच कोरलेला असतो.

अशा शिळांमध्ये वीरगळ प्रमुख. वीरगळ नेहमी खालून वर वाचावा. तळाच्या चौकटीत लढाई व वीराचा मृत्यू, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. माथ्यावर कलश व चंद्र-सूर्य असतात; चंद्र-सूर्य असेपर्यंत ही स्मृती टिकावी, हा त्यांचा अर्थ. खाली गाई कोरलेल्या असतील, तर तो वीर गोधन राखताना पडला असे समजावे. कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला हात असेल, तर ती सतीशिळा. बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते. म्हणून दगड राहिला, पण नाव गेले.

तळे आणि इतिहास यांचे नाते सांगणारा एक पुरावा आपल्याच जिल्ह्यातील आहे. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील राजा गंडरादित्य याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात इरुकुडी येथे ‘गंडसमुद्र’ नावाचे तळे बांधले. त्याच्या काठी त्याने शिव, बुद्ध आणि अर्हत अशा तिघांच्या मूर्ती स्थापिल्या व प्रत्येकासाठी स्वतंत्र जमीन लावून दिली, असे त्याच्या ताम्रपटात नमूद आहे. इरुकुडी म्हणजे हातकणंगले तालुक्यातील आजची रुकडी, असे अभ्यासक मानतात. बाराव्या शतकातही या प्रदेशात तथागतांना राजाश्रयाने स्थान होते, हे त्या एका नोंदीमुळे आपल्याला कळते. ती नोंद हरवली असती, तर तळ्याकाठचा बुद्धही विस्मृतीत गेला असता.

तथापि राजाच्या लेखात देवांच्या जमिनीची नोंद होते; पाणी भरणाऱ्यांची होत नाही. ती नोंद पुढे महाडला झाली. 1923 साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. परंतु ठराव कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर चाललेल्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल 1937 साली लागला. आज त्या काठावर बाबासाहेबांचे स्मारक उभे आहे. महाडच्या तळ्याचा इतिहास राजाच्या दानाचा नसून माणसांच्या हक्काचा आहे.

हेच भान आपल्या भागातही हवे. धरणाच्या कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव असते. पाण्याखाली जमीन गेलेल्या कुटुंबांची नावे तेथे सहसा नसतात. ती सांगणारी पिढी आज वृद्ध झाली आहे.

यासाठी मोठा निधी लागत नाही. आपल्या गावातील कोरीव शिळेचे छायाचित्र घ्यावे. ती कोठे आहे, तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे, उंची किती, चौकटी किती, हे वहीत लिहावे. गावातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत त्यांच्याच शब्दांत, परंतु दंतकथा म्हणून वेगळी नोंदवावी. शिळेला तैलरंग लावू नये, ती घासू नये व जागेवरून हलवू नये. मूळ जागा सुटली की तिचा अर्धा अर्थ नाहीसा होतो. रस्ता रुंद होताना ती मातीत गाडली जाण्याची भीती असेल, तर ग्रामपंचायतीला व पुरातत्त्व विभागाला लेखी कळवावे.

आमच्या माजी विद्यार्थ्यांनी पुढील सुट्टीत प्रत्येकी एक शिळा किंवा पाण्याखाली गेलेला एक पाणवठा नोंदवावा. त्या नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीकडे द्यावी आणि एक शाळेच्या ग्रंथालयात जमा करावी.