नाव बदललं, भाषांतर हरवलं

24 फेब्रुवारी 2023 रोजी केंद्राने औरंगाबादच्या ‘छत्रपती संभाजीनगर’ या नावाला मंजुरी दिली. अशा वेळी बहुभाषिक संकेतस्थळावर एक गंमत होते: इंग्रजी पानावरच्या वाक्यात नाव बदलावं, तर मराठी पानावरचं ते वाक्य चक्क इंग्रजीत उमटतं. कारण साधं आहे. अनेक प्रणालींत मूळ इंग्रजी वाक्य हीच भाषांतराची किल्ली असते. एक अक्षर हललं की कुलूप उघडत नाही. भाषांतराच्या फाइलमध्ये नवं वाक्य मराठीशी पुन्हा जोडा, मग कॅशे पुसा. सरसकट ‘शोधा आणि बदला’ मात्र नको. बिहारातही औरंगाबाद आहे, आणि महाराष्ट्रातल्या या लोकसभा मतदारसंघाचं नाव 2024च्या निवडणुकीतही औरंगाबादच होतं!