शाळेला सायकलवरून : थोडं गणित, थोडं विज्ञान आणि एका वडिलांचा प्रश्न



गेल्या वर्षी जूनमध्ये मी स्कूटी घरी ठेवली आणि सायकलवरून शाळेला जायला लागले. पहिल्याच आठवड्यात तिघांनी विचारलं, "मॅडम, गाडी बिघडली का?" एका सरांनी तर "हप्ते थकले की काय?" म्हणून चेष्टाही केली. आपल्याकडे मोठं माणूस सायकलवर दिसलं की एकतर ते गरीब असतं, नाहीतर त्याला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. माझं दोन्ही नव्हतं. वर्गात प्रदूषणाविषयी बोलणं चाललं होतं. "आपण काय करू शकतो?" या प्रश्नाला मुलांनी पाठ असलेलं उत्तर दिलं, "सायकल वापरू." मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "मग तुम्ही का नाही वापरत?" मी म्हटलं, मला लांब पडतं. संध्याकाळी घरी जाताना मीटर बघितला. सात किलोमीटर.

सात किलोमीटरला स्कूटीवर पंधरा मिनिटं लागतात, सायकलवर सव्वीस-सत्तावीस. म्हणजे फरक बारा मिनिटांचा. रोजचे चौदा किलोमीटर, महिन्याचे चोवीस दिवस धरले तर ३३६ किलोमीटर होतात. लिटरला ४५ चा अॅव्हरेज धरा, साडेसात लिटर पेट्रोल. लिटरला शंभर रुपये धरले तरी साडेसातशे रुपये. हे गणित मी चौथीच्या मुलांकडूनच करून घेतलं. पुस्तकातल्या आगगाडीपेक्षा मॅडमच्या पेट्रोलचं गणित त्यांना जास्त आवडतं, हा माझा अनुभव.

खरी मजा पुढे आली. सायकल वर्गात आणली, उलटी करून हँडल आणि सीटवर उभी केली. पायडलजवळच्या मोठ्या चक्राचे दाते मोजले, ४४ भरले. मागच्या फ्रीव्हीलचे १८. मग पायडल एकदा पूर्ण फिरवलं तर मागचं चाक किती वेळा फिरेल? मुलं आधी "एकदाच" म्हणाली. वॉल्व्हपाशी टायरवर खडूची खूण केली आणि फिरवून दाखवलं. दोन फेरे पूर्ण होऊन तिसरा जवळजवळ अर्धा झाला. ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४४. दशांश चिन्ह मुलांना अजून जड जातं, म्हणून आम्ही "दोन आणि जवळपास अर्धा" एवढ्यावरच थांबलो. पाचवी-सहावीला शिकवणाऱ्यांनी पुढे जायला हरकत नाही. चाकाचा घेर दोऱ्याने मोजा. मोठ्या सायकलचा साधारण २२० सेंटिमीटर भरतो. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास ५.४ मीटर पुढे जाते. घर ते शाळा सुमारे १३०० वेळा पायडल मारावं लागतं. (मुलांनी दुसऱ्या दिवशी "मोजलेत का?" असं विचारलं. सहाशेच्या आसपास म्हशी आडव्या आल्या आणि चुकलं.)

मग सायकल इतकी हलकी का चालते? आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला अंगाचं सगळं वजन थोडं उचलतो आणि परत खाली टेकतो. सायकलवर वजन सीटवर बसलेलं असतं, पायांना फक्त पुढे ढकलायचं काम उरतं. चाक घासत नाही, लोळतं. त्यामुळे सपाट रस्त्यावर एका किलोमीटरला अंदाजे २० ते २५ किलोकॅलरी पुरतात. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ८००० किलोकॅलरी ऊर्जा असते. तेवढ्या ऊर्जेत सायकल तीनशेहून जास्त किलोमीटर जाईल, स्कूटी ४५-५०. माझं रोजचं जाणं-येणं दोन भाकऱ्यांत भागतं. भाकरीमागेही खत, पाणी, डिझेल आहेच, त्यामुळे हिशेब अगदी चोख नाही, पण अंतर केवढं आहे ते कळायला पुरेसा आहे.

सायकलचा खरा शत्रू वारा. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो. म्हणून आरामात चालवणाऱ्याला घाम कमी येतो, आणि दहा मिनिटं वाचवायला जाणारा शाळेत पोचेपर्यंत भिजतो. या वाऱ्यावर उपाय म्हणून काहींनी आडवं रेलून चालवायच्या सायकली बनवल्या, दोन चाकांच्या आणि तीन चाकांच्याही. पाय पुढे पसरलेले, पाठ आरामखुर्चीत टेकल्यासारखी. अशाच एका सायकलवर १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या खेळाडूने एका तासात ४५ किलोमीटरचा टप्पा ओलांडून जुना विक्रम मोडला. पुढच्या वर्षी सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने असल्या सायकलींना शर्यतीतून बादच केलं. "का पण? जिंकला ना तो?" हा मुलांचा प्रश्न अजून तसाच आहे. तीन चाकांची असेल तर तोल सांभाळावा लागत नाही, त्यामुळे पाठदुखी किंवा तोलाचा त्रास असणाऱ्यांना ती सोयीची. पण ती बुटकी असते. आपल्या रस्त्यावर ट्रकवाल्याला दिसणार नाही, म्हणून मी तरी तिच्या वाटेला जाणार नाही.

इतिहासातल्या दोन गोष्टी वर्गात जरूर सांगा. १८१७ मध्ये जर्मनीतल्या मानहाइम शहरात कार्ल ड्राइस यांनी दोन चाकांची लाकडी गाडी चालवून दाखवली. तिला पायडल नव्हतं, पाय जमिनीला रेटत पळायचं. मुलं हसतात, पण सायकल शिकवायची खरी रीत तीच आहे. पायडल काढून ठेवा, सीट खाली करा, पोराला पायांनी ढकलत जाऊ द्या. तोल दोन-चार दिवसांत येतो. दुसरी गोष्ट डनलॉप यांची. बेलफास्टमधले हे पशुवैद्य. मुलाच्या तीनचाकी सायकलला दगडी रस्त्यावर दणके बसतात म्हणून त्यांनी १८८८ मध्ये हवा भरलेला टायर बनवला. पोरासाठी केलेली खटपट अशी जगभर गेली.

पालकहो, आता तुमच्याशी. सायकल घेताना आपण एक चूक हमखास करतो. गणवेशासारखी सायकलही 'वाढत्या अंगाची' घेतो. गणवेश ढगळ झाला तर टाचून देता येतो. सायकल मोठी झाली तर पोराचे पाय टेकत नाहीत, बोटं ब्रेकपर्यंत पोचत नाहीत. अचानक थांबायची वेळ आली की ते सरळ आडवं होतं. शिकणाऱ्या मुलाचे सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. चांगली यायला लागली की सीट वर घ्या. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, इतकी उंची बरोबर. दप्तर हँडलला अडकवू देऊ नका, कॅरिअरला बांधा. ओढणीला गाठ मारून ती कमरेला खोचा. साडीवाल्यांनी चेनकव्हर आणि मागच्या चाकाची जाळी लावल्याशिवाय निघू नये. माझा एक पदर गेला, म्हणून सांगते.

इथपर्यंत सगळं छान. आता अडचणीचं.

आमचा भाग उसाचा. जानेवारीत शाळा सुटल्यावर ऑनलाइन माहिती भरता भरता उशीर झाला. निघाले तेव्हा अंधारत होतं. कालव्याच्या पुलाजवळ उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागून आला. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मी साइडपट्टीवर उतरायला गेले, डांबराची कड वीतभर उंच, चाक घसरलं. कोपर सोलून निघालं, चार तारा तुटल्या. दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधून शाळेत गेले तर चौथीतल्या एका मुलीचे वडील दारात उभे. आमची शाळा चौथीपर्यंत. पाचवीला तीन किलोमीटरवरच्या मोठ्या गावात जावं लागतं, त्याच रस्त्याने. सकाळची बस शाळेच्या दीड तास आधी पोचते. मी वर्षभर त्यांच्या मागे लागले होते की पोरीला सायकल घ्या. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही मोठ्या असून पडलात. मग माझ्या पोरीला कशी पाठवू?"

मला उत्तर देता आलं नाही. "काही होत नाही" म्हणणं खोटं ठरलं असतं.

या प्रश्नाला आपण 'आपल्या नशिबाचा' समजतो. तो तसा नाही. नेदरलँड्स हा आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो, पण १९७१ मध्ये तिथे रस्ते अपघातांत चारशेहून अधिक मुलं गेली होती. अशाच अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ मध्ये लेख लिहिला, 'मुलांची हत्या थांबवा' अशा अर्थाच्या मथळ्याचा, आणि त्याच नावाने पालकांची चळवळ उभी राहिली. १९७३ मध्ये तेलटंचाई आली, काही रविवारी गाड्याच बंद ठेवल्या गेल्या. तिथल्या सायकलवाटांचं आजचं जाळं पुढच्या काही दशकांत उभं राहिलं.

आपल्या देशातलं उदाहरण बिहारचं. २००६ पासून तिथे नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळू लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना केली. माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली होती आणि मुलामुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली होती. शाळा लांब असलेल्या गावांत फरक जास्त. मला यात महत्त्वाचं वाटलं ते हे की सायकली सगळ्या मुलींना एकाच वेळी मिळाल्या. एकटी मुलगी रस्त्यावर वेगळी, आणि दहा जणींचा घोळका वेगळा.

म्हणून एका रविवारी मी त्या वडिलांना घेऊन तो रस्ता चालत गेले. सोबत आणखी तीन मुलींचे पालक आले. तीन जागा वाईट निघाल्या : कालव्याचा पूल, कारखान्याकडे वळणारा फाटा आणि बाभळींच्या आडचं वळण. पुलावर उतरून सायकल हातात धरायची असं ठरलं. फाट्याच्या अलीकडे शेतातून एक पाणंद जाते, पाव किलोमीटर जास्त पडते पण ट्रॉली तिथे येत नाही. ग्रामसभेत अर्ज दिला आणि पाणंदीवर दोन ट्रॉली मुरूम पडला. मडगार्डांना मागून चमकणारी पट्टी लावली, पन्नास रुपयांत चार सायकली झाल्या. साइडपट्टीचा अर्ज मात्र अजून फिरतोय.

जूनपासून चार मुली जातात. पहिला आठवडा ते वडील मोटारसायकलवर मागे मागे गेले, मुलींना लाज वाटायला लागली तेव्हा थांबले. सकाळी मी शाळेकडे येताना आणि त्या शाळेकडे जाताना पुलाजवळ आमची गाठ पडते. त्या घंटी वाजवतात, मीही वाजवते. दोन मुलींच्या घरून अजून होकार नाही, आणि त्यांचं कारण मला चुकीचं वाटत नाही.

पुढच्या महिन्यात कारखाना सुरू होईल. परवा ते वडील भेटले तेव्हा म्हणाले, "सीझन संपेपर्यंत संध्याकाळी मीच आणीन." सकाळचं काय, ते विचारलं नाही. दिवाळीनंतर आम्ही सगळे पालक पुन्हा एकदा तो रस्ता चालत जाणार आहोत, या वेळी संध्याकाळी सहाला.