विश्लेषण : वागळे इस्टेटमधून रेडिओचा फुगा सोडला तर तो कुठे जाईल?

हॅम म्हणजे हौशी रेडिओचा हातातला संच वागळे इस्टेटच्या गल्लीतून बोलला, तर आवाज बहुधा चार-पाच किलोमीटरवर विरतो. इमारती आणि येऊरचे डोंगर आड येतात. तेवढ्याच ताकदीचा संच हेलियमच्या फुग्याने ३० किमी उंच नेला, की क्षितिज ६०० किमीपलीकडे सरकते. अहमदाबाद आणि गोव्यातले हॅमही तो ऐकू शकतात.

हवामान विभाग सांताक्रूझहून असे फुगे रोज सोडतो. तापमान, आर्द्रतेच्या नोंदी रेडिओने खाली येतात. वर हवा विरळ होते, फुगा फुगत जाऊन फुटतो. हौशींचा डबा मग पॅराशूटने उतरतो आणि जीपीएसच्या आकड्यांवरून शोधावा लागतो. घात इथेच होतो. काही जीपीएस चिप १८ किमीच्या वर स्थान सांगणेच थांबवतात. क्षेपणास्त्रांत वापर होऊ नये म्हणून घातलेली ही मर्यादा. चिप आधी तपासलेली बरी.

डबा पडणार कुठे? पावसाळ्यात १४-१६ किमीवरचे जोरदार पूर्वेचे वारे त्याला अरबी समुद्राकडे ढकलतात. म्हणजे डबा गेलाच. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेचे, त्यामुळे तो बहुधा घाटापलीकडे उतरेल.

दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन मिळणारा हॅम परवाना फक्त रेडिओपुरता. फुग्यासाठी हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी वेगळी लागते. मुंबई विमानतळ इतका जवळ असताना ठाण्यातून ती मिळणे अवघडच. त्यापेक्षा डबा वागळेत बांधून फुगा विमानतळापासून दूर, घाटमाथ्यापलीकडून सोडण्यासाठी अर्ज करणे सोयीचे.